दरबारी कारस्थानांची फँटसी दुसऱ्याच्या गळी कशी उतरवायची

"काहीतरी सुचव ना, ती ड्रॅगनवाली सिरियल होती तसलं, पण पुस्तक पाहिजे" असं कुणी म्हटलं की आपल्यासारख्या वाचणाऱ्यांच्या अंगात येतं, आपण धाडधाड दहा नावं टाकून मोकळे होतो, त्यातल्या चार सिरीज, प्रत्येक सिरीजचे पाच भाग, आणि समोरचा एक अंगठा टाकतो आणि परत रील्स बघायला लागतो. दहा नावं सांगणं म्हणजे एकही न सांगणं. एकच सांगायचं. ते एक कसं निवडायचं, कसं सांगायचं आणि कुठे तोंड बंद ठेवायचं एवढंच इथे लिहितेय, कारण या जातीच्या कादंबऱ्या सुचवायला भलत्याच अवघड. त्यांची मजा पहिल्या शंभर पानांत धड दिसत नाही आणि शेवटच्या शंभर पानांतली सांगता येत नाही.

आधी विचारायचं. "तुला काय आवडतं" असं नका विचारू, त्याला सगळे "काहीही चालेल" म्हणतात आणि काहीही चालत नाही हे आपल्याला पक्कं माहिती असतं. विचारायचं असं, की त्या सिरियलमध्ये, म्हणजे 'गेम ऑफ थ्रोन्स'मध्ये, कुणाचे सीन तू मागे नेऊन परत बघितलेस? उत्तर ड्रॅगन किंवा ती बर्फाची भिंत किंवा मेलेले उठून चालतात ते असं आलं, तर त्या माणसाला दरबार नकोय, त्याला लढाया पाहिजेत, त्याला लढायांचं पुस्तक द्या आणि विषय संपवा. पण उत्तर टिरियन आलं, किंवा तो गुळगुळीत टकलाचा व्हॅरिस आला, किंवा "ते दोघं रिकाम्या सिंहासनासमोर उभं राहून गोड गोड बोलत एकमेकांना टोचतात ना, ते" असं आलं, तर गिऱ्हाईक आपलंच आहे.

दुसरा प्रश्न, अर्धवट राहिलेली सिरीज चालेल का? हा विचारायचा राहून जातो आणि मग वर्षभर बोलणी खावी लागतात. ती सिरियल ज्यावरून केली त्या जॉर्ज मार्टिनच्या पुस्तकांच्या मालिकेचा पहिला भाग १९९६ मध्ये आला, पाचवा २०११ मध्ये, सात भागांचं ठरलंय आणि सहाव्याची अजून लोक वाटच बघतायत, मधल्या मध्ये सिरियल २०११ ला सुरू होऊन २०१९ ला संपलीसुद्धा. पुस्तकं भारी आहेत, वादच नाही, पण पाच जाडजूड भाग वाचून हवेत लोंबकळायची तयारी आहे का हे आधी विचारलेलं बरं. तिसरा प्रश्न जरा अवघडल्यासारखा असतो तरी विचाराच, रक्तपात, बलात्कार, लहान मुलांचे हाल हे वाचायला कितपत चालतं. मध्ययुगी दरबार म्हटला की लेखकांना हे सगळं घालायची हुक्की येते, आणि कुणाला ते अजिबात सोसत नाही, कुणाचं सध्या घरात काहीतरी चालू असतं, आपल्याला काय माहीत.

एवढं झालं की मग पुस्तक. मी हल्ली बहुतेकांना लोइस मॅकमास्टर बुजोल्डचं 'द कर्स ऑफ चॅलियन' देते. २००१ चं आहे, म्हणजे जुनं झालं, पण एकाच पुस्तकात गोष्ट सुरू होते आणि त्याच पुस्तकात संपते, नोकरी करणाऱ्या माणसासाठी हा गुण फार मोठा. त्याच्यावरच सगळी पद्धत सांगते, तुम्ही तुमचं पुस्तक त्या जागी घाला.

ते कसं सांगायचं नाही हे आधी. "यात पाच देव आहेत, बाप, आई, मुलगी, मुलगा आणि एक अनौरस, आणि चॅलियन नावाचं राज्य आहे, त्याच्या शेजारी इब्रा, वरच्या अंगाला रोकनारी लोक, आणि राजघराण्यावर एक शाप…" इथपर्यंत समोरच्याचे डोळे मोबाईलकडे गेलेले असतात. फँटसी वाचणाऱ्यांची ही खोडच आहे, आपण आधी नकाशा उलगडतो. नकाशात कुणाला काडीचा इंटरेस्ट नसतो हो, निदान पुस्तक उघडायच्या आधी तरी नसतो. देव, जादू, शाप, राज्यं, यातलं काही काही सांगायचं नाही.

सांगायचं असं. थंडीचे दिवस, चिखलाचा रस्ता, एक माणूस चालत निघालाय. अंगावर लक्तरं. वय पस्तीस पण दिसतो म्हातारा, कारण तो गलबतावर वल्ही मारणारा गुलाम होऊन आलाय, आणि त्याआधी हाच माणूस एक किल्ला राखून होता. समोरून घोडेस्वार जातात, एकजण भिकारी समजून नाणं फेकतो, हा चिखलातून ते उचलतो तर तांब्याच्या जागी चुकून सोन्याचं पडलेलं. त्या पैशातून हा काय करतो, तर एका गावात जाऊन गरम पाण्याची आंघोळ विकत घेतो. आणि तिथला माणूस याच्या पाठीवरचे चाबकाचे वळ बघून, हा कुणीतरी गुन्हेगार दिसतोय, म्हणून याला बाहेर काढतो. हा निघालाय एका म्हाताऱ्या सरदारणीच्या वाड्यावर, लहानपणी तिथे हुजऱ्या होता म्हणून, मुदपाकखान्यात का होईना काम मिळालं तर बरं एवढीच अपेक्षा. मिळतं काय, तर तिच्या नातीला, म्हणजे राज्याच्या राजकन्येला, शिकवायची नोकरी.

बास. हे सांगायला एक मिनिट लागतं. कोण आहे, त्याला काय पाहिजे, आणि त्याला ते का मिळणार नाही. दरबाराच्या कुठल्याही कादंबरीचं हे एवढंच सांगायचं असतं आणि तेवढ्यात दरबार आपोआप येतो, कारण ज्याला कोपऱ्यात शांत पडून राहायचंय अशा माणसाला राजधानीतून बोलावणं आलं की पुढचं काय होणार याची कल्पना ऐकणाऱ्यालाच यायला लागते.

आणखी एखादा प्रसंग हाताशी ठेवायचा, शक्यतो सुरुवातीचाच, ज्यात त्या दरबाराची चाल दिसते. माझा ठरलेला प्रसंग हा. ही राजकन्या इसेल पंधरा-सोळा वर्षांची. वसंताच्या सणाला देवळात ती देवीच्या रूपात बसलेली, गावातले मानकरी एकेक येऊन भेट ठेवतायत. तिथला न्यायाधीश लाचखाऊ असल्याचं तिच्या कानावर आलेलं असतं, तो भेट घेऊन आला की ही सगळ्या गावासमोर ती नाकारते, देवीला तुझं नकोय म्हणून. पोरगी धाडसी म्हणून आपण खूष होतो. आणि मास्तर काय करतात, तर शाबासकी सोडून शिकवणी घ्यायला लागतात, तुला खात्री होती का, पुरावा काय होता, आणि आता पुढे काय. कारस्थान म्हणजे नुसतं विष आणि खंजीर नसतं, भर सभेत एखाद्याचं नाक कापलं की त्याचं काय करायचं हा हिशेबही त्यात येतो, आणि हे पुस्तक तो हिशेब तिच्याबरोबर आपल्यालाही शिकवतं. हे ऐकून ज्याला "अरे वा" वाटतं त्याला पुस्तक आवडणार. ज्याला वाटतं की मग मारामारी कधी, त्याला देऊच नका.

आता गंमत अशी की या सगळ्याच्या मुळाशी खरा इतिहास आहे आणि तो वापरला की अर्धं काम होतं. बुजोल्डबाईंनी युनिव्हर्सिटी ऑफ मिनेसोटामध्ये मध्ययुगीन स्पेनच्या इतिहासाचा कोर्स केला होता, त्यातून हे पुस्तक आलं, चॅलियनचा नकाशासुद्धा स्पेन-पोर्तुगालचा उत्तर-दक्षिण उलटा केलेला. राजकन्या म्हणजे कॅस्टिलची इसाबेला, १४५१ सालचा जन्म, पुढे जिने कोलंबसला पाठवलं तीच. तिचा सावत्र भाऊ चौथा एन्रिके १४५४ ते १४७४ गादीवर होता, नावाचा राजा, त्याला लोकांनी "नपुंसक" असं उघड नाव पाडलेलं आणि त्याची मुलगी त्याची नाहीच, बेलत्रान नावाच्या दरबाऱ्याची आहे, अशी बोंब गावभर. १४६५ मध्ये तर सरदारांनी आविलाच्या वेशीबाहेर स्टेज बांधून राजाचा लाकडी पुतळा बसवला, त्याचा मुकुट काढला, तलवार काढली, राजदंड काढला आणि शेवटी पुतळ्याला लाथ मारून खाली पाडलं, आणि त्याच्या अकरा वर्षांच्या धाकट्या भावाला राजा म्हणून जाहीर केलं. नाटक वाटतं ना? इतिहासात त्याला फार्सच म्हणतात.

पुढे १४६९ मध्ये इसाबेलाने भावाच्या संमतीशिवाय अरागॉनच्या फर्डिनांडशी लग्न ठरवलं, तर तो नवरदेव खेचरं हाकणाऱ्या नोकराच्या वेषात सरहद्द ओलांडून आला, वाटेत मुक्कामाला आपल्याच माणसांना जेवण वाढत, खेचरांना दाणापाणी करत. १९ ऑक्टोबरला वायादोलिदला लग्न लागलं. दोघं नात्यातले असल्यामुळे पोपची परवानगी लागत होती, तीही दाखवली, फक्त ती बनावट होती, आणि ज्या पोपच्या नावाची होती तो पाच वर्षांपूर्वीच वारलेला. हे दोन मिनिटांत सांगा आणि मग म्हणा, "हे सगळं घेऊन एका बाईने त्यात देव खरे असते तर काय झालं असतं ते लिहिलंय." माझ्या अनुभवात याच्यापेक्षा चांगलं वाक्य सापडलेलं नाही, इतिहास आवडणारा माणूस तर इथेच पुस्तकाचं नाव विचारतो. आणि लक्षात घ्या, यात पुस्तकातलं काहीच फुटलेलं नाही.

मात्र एक गोष्ट अर्धीच सांगायची. १४६६ मध्ये राजाचा एकेकाळचा लाडका सरदार पाचेको याने आपल्या भावाचं, पेद्रो हिरॉनचं, लग्न इसाबेलाशी ठरवून घेतलं. तो चाळिशी ओलांडलेला, बदनाम, पण पैसा आणि फौज देणारा, ती पंधराची. राजा कबूल झाला. नवरदेव लवाजमा घेऊन निघाला आणि तिने दिवसरात्र प्रार्थना सुरू केली, की देवा, एक तर याला ने नाहीतर मला. इथे थांबायचं. कितीही विचारलं तरी थांबायचं, "पुढे काय झालं?" "वाच." इतिहासात जे झालं ते गुगलवर सापडेल, पण पुस्तकात त्या जागी जे घडतं ते बुजोल्डबाईंचं स्वतःचं आहे आणि ते कुणी आधी सांगितलं तर मी त्या माणसाशी बोलणं सोडेन. स्पॉयलरचा माझा साधा हिशेब आहे, पहिल्या पाव पुस्तकातलं सांगायला हरकत नाही, त्याच्या पलीकडचं एक अक्षर नाही, आणि "शेवटी असला ट्विस्ट आहे ना" हेही नाही, कारण मग माणूस पुस्तक सोडून ट्विस्टच शोधत बसतो, प्रत्येक कॅरेक्टरकडे संशयाने बघत.

आता खोट सांगायची, लपवायची नाही. सुरुवात संथ आहे. लग्नाच्या हॉलवर पोचल्यावर पहिला तासभर हा कुणाचा कोण, ती कुणाची सून, यांचं त्यांच्याशी का पटत नाही यातच जातो, तसं पहिल्या शंभरेक पानांचं आहे, पण ते कळल्याशिवाय पुढचं भांडण रंगत नाही. हे आधीच सांगितलं की लोक धीर धरतात, नाही सांगितलं की तिसाव्या पानावर सोडतात आणि "बोअर आहे गं" म्हणून परत करतात. दुसरी अडचण पदव्यांची. बुजोल्डबाईंनी राजाला रोया, राणीला रोयिना, राजपुत्राला रोयस, राजकन्येला रोयेस केलंय, प्रांतांचे सरदार प्रोव्हिन्कार, आणि रोयस आणि रोयेस हे तर घाईत वाचताना हमखास गडबडतात. हे एका चिठ्ठीवर लिहून पुस्तकात पहिल्या पानाशी घालून द्या, बुकमार्क म्हणून. किंडलवर वाचणाऱ्याला मेसेजमध्ये पाठवा. क्षुल्लक वाटतं, पण इंग्रजी वाचायची फार सवय नसलेला माणूस असल्याच गोष्टींवर अडकतो, कारस्थानावर नाही.

तिसरी खोट, म्हणजे कुणाला खोट वाटेल, पुस्तकात देवाधर्माचं बरंच आहे. जादू कमी, देव जास्त, आणि ते देव गंभीरपणे घेतलेत. मला ते फार आवडतं, पण ज्याला देव म्हटलं की वैताग येतो त्याला आधी कल्पना द्या. आणि त्यात एक प्रेमप्रकरण आहे त्यातलं वयाचं अंतर आजच्या वाचकाला खटकू शकतं, मलाही थोडं खटकलं, तेही सांगून टाकायचं. खोट आपण आधी सांगितली की समोरच्याचा आपल्यावर विश्वास बसतो, नाहीतर आपण सगळ्यालाच "मस्ट रीड" म्हणणाऱ्यांपैकी एक.

मराठी वाचकाला सुचवताना एक सोय आहे ती विसरायची नाही. दरबारी राजकारण म्हणजे काय हे त्याला समजावून सांगायची गरजच नाही. १७७३ मध्ये शनिवारवाड्यात नारायणरावाचा खून, मग कारभाऱ्यांनी उभी केलेली बारभाईची मसलत, रघुनाथरावाला बाजूला सारणं, आणि पुरंदरावर जन्मलेल्या सवाई माधवरावाला चाळीस दिवसांचा असताना पेशवाईची वस्त्रं, हे ज्याने शाळेत वाचलंय त्याला तान्हं पोर गादीवर बसवून मागून कारभार हाकणं काही नवीन नाही. घरातल्या मोठ्यांना, म्हणजे ज्यांची हयात ऐतिहासिक कादंबऱ्या वाचण्यात गेली आणि फँटसी म्हटलं की ज्यांना पोरांची कार्टूनं आठवतात, त्यांच्यासमोर फँटसी हा शब्द काढूच नका. "ऐतिहासिकच आहे, फक्त राज्य काल्पनिक आहे" एवढं म्हणा. फसवणूक नाही ही, खरंच तसं आहे, आणि देवांचा चमत्कार पुस्तकात येईपर्यंत ते इतके अडकलेले असतात की कुरकुर करत नाहीत. आपल्याकडे ऐतिहासिक कादंबरीत स्वप्नात भवानी आलेली चालतेच की.

अर्थात सगळ्यांना चॅलियनच द्यायचं असं नाही. माझ्या ओळखीत सीए भरपूर, त्यांना मी सेथ डिकिन्सनचं 'द ट्रेटर बरू कॉर्मोरंट' देते, २०१५ चं. यात हिरॉइन अकाउंटंट आहे. खरंच. एका बेटावरची मुलगी, साम्राज्य तिचं बेट गिळतं तेही तलवारीने कमी आणि व्यापाराने, कागदी चलनाने आणि शाळांनी जास्त, आणि मग त्याच साम्राज्याच्या शाळेत शिकून ही एका बंडखोर प्रांताची मुख्य हिशेबनीस होऊन जाते. तिथले सरदार फौजा जमवतायत आणि ही वह्या तपासतेय, कुणाला कर्ज कुठून मिळालं, पैसा कुठे चाललाय, आणि बंड मोडायला तलवार उपसायच्या ऐवजी चलनाच्या किमतीला हात घालते. मार्चएंडला ऑफिसात रात्र काढणाऱ्या माणसाला हे सांगून बघा, चेहरा बघण्यासारखा होतो. फक्त वॉर्निंग द्यायची, शेवट निर्दयी आहे, मूड खराब असताना वाचू नये. काटेकोर मध्ययुग नाही ते, पण सरदार, किल्ले, इमानं, फितुरी सगळं आहे.

ज्याला सावकाश, मनाला लागणारं, आत्मचरित्रासारखं वाचायला आवडतं त्याला रॉबिन हॉबचं 'असॅसिन्स अप्रेंटिस', १९९५. सहा वर्षांच्या पोराला त्याचा आजा चौकीवर आणून सोडतो, हे तुमच्या राजपुत्राचं अनौरस पोर, आम्ही पुष्कळ पोसलं आता तुम्ही सांभाळा, म्हणून. त्याची रवानगी तबेल्यात, घोड्याकुत्र्यांत. आणि काही वर्षांनी राजा त्याला उचलतो, मारेकरी बनवायला. इथली माणसं नावानेच गुण सांगतात, राजाचं नाव श्रूड, राजपुत्र व्हेरिटी, दुसरा रीगल, आणि कोण नावाला जागतं कोण नाही हे बघण्यात मजा. तीन भाग आहेत आणि तिन्ही आलेत, हे आवर्जून सांगा. कुत्र्यांवर जीव असलेल्या माणसाला मात्र हे पुस्तक देण्यापूर्वी दोनदा विचार करा, जास्त काही सांगत नाही.

क्रौर्याला कंटाळलेल्यांसाठी कॅथरीन ॲडिसनचं 'द गॉब्लिन एम्परर' आहे, २०१४ चं. अठरा वर्षांचा नकोसा राजपुत्र, लांब कुठेतरी हद्दपार, रात्री उठवून सांगतात की वडील आणि तिघे सावत्र भाऊ हवाई जहाजाच्या अपघातात गेले, आता तुम्ही सम्राट. आणि याला दरबारात कसं बसायचं इथपासून माहीत नाही. हवाई जहाज आलं म्हणजे मध्ययुग थोडं बिघडलं, चालवून घ्या. नावं जीवघेणी आहेत, पुस्तकात यादी दिलीये, ती आधी उघडून दाखवा. शाळकरी पोरांना मेगन व्हेलन टर्नरची चोराची मालिका, पहिलं 'द थीफ' १९९६ चं, पण त्यात प्रवासच जास्त, दरबार खरा सुरू होतो दुसऱ्या भागापासून, तेव्हा दोन्ही एकदम हातात द्या. आणि जॅकलीन केरीचं 'कुशील्स डार्ट', कारस्थान म्हणाल तर फर्स्ट क्लास, पण हिरॉइन गणिका आणि हेर, आणि शृंगार साधासुधा नाही, ते फक्त ज्यांच्याशी तुम्ही त्या विषयावर मोकळेपणी बोलता त्यांनाच. फॅमिली ग्रुपवर टाकू नका म्हणजे झालं.

आता मेसेज. तोंडी सांगायची वेळ नसते बऱ्याचदा, तेव्हा लिहून पाठवायचं, आणि लिंक पाठवून गप्प बसायचं नाही. मित्राला मी असं लिहिते: "अरे ऐक, पुस्तक सापडलंय तुझ्यासाठी. गुलामीतून सुटलेला एक सरदार, आता त्याला फक्त झोपायला कोपरा आणि दोन वेळचं जेवण पाहिजे. नोकरी मिळते राजकन्येला शिकवायची, पोरगी नको इतकी हुशार. मग राजधानीतून बोलावणं येतं आणि तिथल्या प्रधानाशी याचं जुनं वैर. लढाया जवळजवळ नाहीत. पहिली शंभर पानं सावकाश. एकच पुस्तक, पुढचं वाचायची सक्ती नाही. किंडलवर सँपल आहे, न्यायाधीशाच्या प्रसंगापर्यंत वाच आणि नाही आवडलं तर सोड." मावशीला लिहिताना हेच, पण दुसऱ्या टोकाने: "मावशी, तुला त्या इसाबेला राणीवरचं काही वाचायचं होतं ना, तिच्यावरून घेतलेली कादंबरी मिळालीये. राज्याचं नाव वेगळं आहे पण माणसं तीच. तिची आजी आहे ना त्यात, ती तुला फार आवडेल बघ. अक्षर बारीक आहे, हवं तर तुझ्या टॅबवर घालून देते." दोन्हीत पुस्तक एकच, दार वेगळं. आणि दोन्हीत "लाइफ चेंजिंग" वगैरे नाही, ते शब्द ऐकले की मला स्वतःला ते पुस्तक वाचावंसं वाटत नाही.

पाठवून झालं की मागे लागायचं नाही. "वाचलंस का, वाचलंस का" केलं की पुस्तकाचा गृहपाठ होतो. अधूनमधून विचारायचंच असेल तर "कुठपर्यंत आलास" असं विचारा, आणि उत्तर आलं की आपली प्रतिक्रिया दाबून ठेवा, नुसतं "हं" म्हणा, कारण या पुस्तकांत आपल्या एका हसणाऱ्या इमोजीवरूनसुद्धा लोक ओळखतात की तो माणूस फितूर निघणार. अर्ध्यात सोडलं तर रागवायचं नाही, कुठे सोडलं ते विचारायचं, त्यातून पुढचं पुस्तक ठरतं. नावांमुळे सोडलं असेल तर हॉब द्या, तिथे नावं सोपी. देवांमुळे सोडलं असेल तर बरू. काहीच घडत नाही म्हणून सोडलं असेल तर त्या माणसाचा आणि आपला पिंड वेगळा आहे हे मान्य करून त्याला लढायांच्या कपाटाकडे वळवा.

आणि आवडलं तर लगेच दुसरा भाग मागतात. तो आहे, 'पॅलाडिन ऑफ सोल्स', २००३ चा, २००४ चा ह्यूगो मिळालेला, त्याची नायिका चाळिशीची विधवा आहे जिला सगळे वेडी समजून जपतात आणि ती त्या जपण्याला वैतागून तीर्थयात्रेच्या नावाखाली घर सोडते. मला तर तो पहिल्यापेक्षा जास्त आवडतो, मावशीलाही तोच आवडणार. पण त्याची लिंक पहिलं वाचून होईपर्यंत पाठवू नका, त्याच्या मागच्या कव्हरवरच्या मजकुरातच पहिल्याचा शेवट फुटतो. छापील प्रत देणार असाल तर कव्हर घालून द्या.